नावं ठेवण्याचं शास्त्र : एक्सएमएलमधील ओळख आणि संदर्भ

मागच्या व्याख्यानात आपण घटक आणि गुणधर्म, म्हणजे एलिमेंट आणि ॲट्रिब्यूट यांच्यातला फरक पाहिला. माहिती कुठे टॅगच्या आत ठेवायची आणि कुठे टॅगवर चिकटवायची, हा तो प्रश्न होता. आजचा विषय दिसायला त्याहून लहान आहे, पण माझ्या मते जास्त महाग पडणारा आहे. दोन नोंदींना एकमेकींशी जोडायचं असेल तर त्या जोडणीला नाव काय द्यायचं? मराठीत ‘नावं ठेवणं’ म्हणजे दोष काढणं. आज आपण दोन्ही अर्थांनी नावं ठेवणार आहोत.

उदाहरण सगळ्यांच्या घरात असलेलं घेऊ : सातबारा. सरकारी यंत्रणा आतून माहिती कशी साठवते याबद्दल मी बोलत नाहीये. कागदावरचा उतारा समोर ठेवून, आपल्याला तो एक्सएमएलमध्ये मांडायचा असता तर काय केलं असतं, एवढंच पाहू.

सातबारा नीट वाचलात तर लक्षात येईल की त्यावर जमिनीबद्दलची माहिती जेवढी आहे, तेवढेच दुसरीकडे बोट दाखवणारे आकडे आहेत. वर गट क्रमांक असतो. तो या जमिनीचा स्वतःचा. खातेदाराच्या नावापाशी खाते क्रमांक असतो, तो आपल्याला आठ-अ कडे नेतो. नावाजवळ कंसात आणखी एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कोणत्या व्यवहाराने आलं, ते गाव नमुना सहामध्ये जाऊन बघा, असं तो सांगतो. इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीचा बोजा असेल, तर तिथेही फेरफाराचा आकडा. तलाठ्याला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला कोणता आकडा कुठे नेतो हे सांगावं लागत नाही. कागदावरची जागाच ते सांगते.

एक्सएमएलमध्ये ही जागेची सोय नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. एका घटकावर पाच गुणधर्म असतील तर त्यांच्या क्रमाला काहीही अर्थ नसतो. एक्सएमएलचं प्रमाणच तसं सांगतं. पहिला कोणता, दुसरा कोणता, याची हमी कुठलाही पार्सर देत नाही. मग अर्थ राहतो कुठे? फक्त नावात.

आता पडद्यावर बघा. टॅगची नावं मी मुद्दाम मराठीत ठेवली आहेत. एक्सएमएलला ते चालतं, फेब्रुवारी १९९८ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालतं.

<नोंद क्रमांक="१४२" गाव="७" खाते="३८" फेरफार="२२१५" बोजा="१९०" />

हे लिहिणाऱ्याला स्वच्छ समजतं. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी उघडलं तर? ‘गाव="७"’ म्हणजे गावाचा संकेतांक सात, की आपल्याच फाइलमधली सातवी गावनोंद? ‘बोजा="१९०"’ म्हणजे एकशे नव्वद हजार रुपये, की बोज्याच्या फेरफाराचा क्रमांक? ‘क्रमांक’ कशाचा, नोंदीचा की गटाचा? पाचही आकडे सारखेच दिसतात आणि पाचही वेगवेगळ्या जातीचे आहेत.

या जाती खरं म्हणजे तीनच आहेत. पहिली, वस्तूची आपल्या दस्तऐवजातली स्वतःची ओळख. ती आपण दिलेली असते आणि जोडणीपुरतीच असते. दुसरी, संदर्भ, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीकडे दाखवलेलं बोट. तिसरी, बाहेरच्या जगाने दिलेला क्रमांक : गट क्रमांक, फेरफार क्रमांक, पॅन, आयएफएससी. हा तिसरा प्रकार आपल्या दृष्टीने ओळख नाहीच, ती माहिती आहे. क्षेत्रफळ जशी माहिती, पीक जशी माहिती, तसाच गट क्रमांक.

तेव्हा आपला संकेत असा. ओळखीला नेहमी ‘ओळख’. संदर्भाचं नाव नेहमी ‘संदर्भ’ने संपेल. बाहेरच्या क्रमांकाचं नाव ‘क्रमांक’ किंवा ‘संकेतांक’ने संपेल. तीच नोंद आता अशी दिसते :

<जमीन ओळख="ज-००४१" गट-क्रमांक="१४२/२/अ" गाव-संदर्भ="गा-०७">
  <धारणा खातेदार-संदर्भ="ख-००१२" फेरफार-संदर्भ="फ-००१९" />
</जमीन>

<फेरफार ओळख="फ-००१९" फेरफार-क्रमांक="२२१५" गाव-संदर्भ="गा-०७" />

टंकायला जास्त लागतं, कबूल. पण आता वाचणाऱ्याला नुसतं नाव बघून कळतं की हा आकडा घेऊन कुठे जायचं, किंवा कुठेच जायचं नाही.

हा शोध माझा नाही. कंपन्यांचे ताळेबंद ज्यात सादर होतात त्या एक्सबीआरएलमध्ये प्रत्येक आकड्यावर ‘कॉन्टेक्स्टरेफ’ असतो आणि रकमेच्या आकड्यावर ‘युनिटरेफ’ही असतो. ‘रेफ’ म्हणजे रेफरन्स. अमेरिकेतल्या सरकारी खात्यांमधल्या देवाणघेवाणीसाठी जे नीम नावाचं प्रारूप आहे, त्यात ‘आयडी’ आणि ‘रेफ’ अशी जोडीच आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीत संदर्भ घटकांच्या नावाला ‘रेफरन्स’ ही शेपटी लावायची पद्धत होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी ती काढली, कारण आत मजकूर ठेवला काय आणि बोट दाखवलं काय, अर्थ एकच मानायचा असं त्यांनी ठरवलं. त्यांच्याकडे त्यामागे मोठी यंत्रणा आहे. आपल्यासारख्यांनी शेपटी ठेवावी, असं माझं मत आहे.

आता यंत्र काय तपासतं ते बघू.

एक्सएमएलबरोबर आलेल्या डीटीडीमध्ये गुणधर्मांना प्रकार देता येतात. त्यातले दोन आपले : ‘आयडी’ आणि ‘आयडीरेफ’. आयडी प्रकारची किंमत संपूर्ण दस्तऐवजात एकदाच यायला हवी. आयडीरेफ प्रकारची किंमत दस्तऐवजातल्या कुठल्या तरी आयडीशी जुळायला हवी. जुळली नाही तर तपासणी नापास. एका घटकाला आयडी प्रकारचा एकच गुणधर्म असू शकतो.

इथे एक गैरसमज फार मोठा आहे. गुणधर्माचं नाव ‘आयडी’ ठेवलं म्हणजे तो आयडी प्रकारचा होत नाही! प्रकार जाहीर करावा लागतो, डीटीडीत किंवा स्कीमात. नाही केला, तर यंत्राच्या दृष्टीने ती नुसती अक्षरं. मुलाचं नाव ‘राजा’ ठेवलं म्हणून त्याला राज्य मिळत नाही, तसं. याच अडचणीवर २००५ मध्ये ‘एक्सएमएल कोलन आयडी’ नावाचं छोटंसं प्रमाण आलं. त्या नावाचा गुणधर्म, डीटीडी नसली तरी, आयडीच समजायचा. आपल्या उदाहरणातला ‘ओळख’ मात्र आपल्याला जाहीर करावाच लागेल.

पण खरी गोम पुढे आहे. आयडीरेफ तपासताना यंत्र फक्त एवढंच बघतं की अशी ओळख कुठेतरी आहे का. ती कुणाची आहे, ते बघत नाही. ‘खातेदार-संदर्भ’मध्ये चुकून ‘गा-०७’ पडलं, म्हणजे खातेदाराच्या जागी अख्खं गाव आलं, तरी तपासणी पास. दस्तऐवज वैध, मजकूर खोटा. एखाद्या बोज्याचा संदर्भ एका खातेदाराऐवजी दुसऱ्याकडे गेला, तर वैधतेच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे, आणि कर्ज न काढलेल्या माणसाच्या उताऱ्यावर कर्ज चढलेलं आहे. त्याला ते कळणार, तो स्वतः बँकेच्या दारात जाईल तेव्हा.

यंत्र जे पाहत नाही ते माणसाने पाहायचं असेल, तर त्याला आधार नावाचाच. ‘खातेदार-संदर्भ="गा-०७"’ हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला टोचतं. ‘खाते="७"’ टोचत नाही.

संदर्भाला नाव कशावरून द्यायचं, यातही एक निवड आहे. ज्याच्याकडे बोट आहे त्याच्या प्रकारावरून, की त्याच्या भूमिकेवरून? खरेदीखत डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन माणसं. दोघंही ‘व्यक्ती’. प्रकारावरून नाव द्यायला गेलात तर दोघंही ‘व्यक्ती-संदर्भ’, आणि एका घटकावर एकाच नावाचे दोन गुणधर्म एक्सएमएल चालवून घेत नाही. मग लोक काय करतात? ‘व्यक्ती-संदर्भ-१’ आणि ‘व्यक्ती-संदर्भ-२’. एक म्हणजे विकणारा की घेणारा? ज्याने लिहिलं त्याला ठाऊक. दुसऱ्या विभागातल्या प्रोग्रामरने उलटं धरलं तर जमीन उलट्या दिशेने विकली गेली!

आपल्या दस्तलेखकांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. खरेदीखतात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतात. भूमिका नावातच आहे. तेव्हा :

<खरेदीखत लिहून-देणार-संदर्भ="व्य-०३" लिहून-घेणार-संदर्भ="व्य-११" />

यात गोंधळाला जागा नाही. भूमिकेवरून नाव द्या. प्रकार कोणता ते स्कीमात लिहा, किंवा ओळखीच्या अक्षरावरून कळू द्या.

अनेकवचनाचं एक मराठी दुखणं आहे, ते जाता जाता सांगतो. इंग्रजीत एकासाठी ‘रेफ’ आणि अनेकांसाठी ‘रेफ्स’ असा फरक करता येतो. एक्सएमएलमध्ये ‘आयडीरेफ्स’ हा वेगळा प्रकारही आहे, त्यात अनेक ओळखी मधे जागा सोडून लिहितात. मराठीत ‘संदर्भ’चं अनेकवचन ‘संदर्भ’च. एक वारस असो की सात, ‘वारस-संदर्भ’ तसाच दिसणार. म्हणून यादी असेल तिथे ‘वारस-संदर्भयादी’ असं स्पष्ट लिहावं. मधल्या जागेवरून आठवलं : ओळखीत रिकामी जागा चालत नाही, त्याचं एक कारण ही यादीच आहे. ‘पिंपळगाव बुद्रुक’ अशी ओळख दिलीत तर यादीत ती दोन ओळखी होतील, एक पिंपळगाव आणि एक बुद्रुक.

ओळखीची किंमत कशी असावी, इथे आता थोडा वेळ काढू.

नियम आधी. आयडीची किंमत म्हणजे एक्सएमएलच्या भाषेत एक ‘नाव’ असतं, आणि टॅगच्या नावाला लागू असलेले नियमच तिला लागू. इंग्रजी अंकाने सुरुवात चालत नाही. तिरपी रेघ चालत नाही. कोलन नेमस्पेससाठी राखीव, स्कीमाच्या आयडीत तो चालतच नाही. इंग्रजी अक्षरं असतील तर लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. म्हणजे आपला ‘१४२/२/अ’ ओळख होऊच शकत नाही, तिरप्या रेघेवरच अडकतो. लोक यावर चिडतात, रेघेच्या जागी टिंब घालतात, पुढे एखादं अक्षर चिकटवतात आणि काम भागवतात. मला वाटतं नियमाने इथे आपल्यावर उपकारच केलेत, कारण गट क्रमांक ओळख म्हणून वापरायचाच नसतो.

का नसतो? एक तर तो बदलतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना झाली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर, आपल्या उताऱ्यावर गट नंबर, आणि दोन्ही जुळवायला एकत्रीकरणाचा उतारा काढत फिरायचं. त्यात वाटणी झाली की १४२ चे १४२/१ आणि १४२/२ होतात. मूळ सातबारा बंद, पोटहिश्श्यांचे नवे सुरू. जमीन तिथल्या तिथे आहे, हललेली नाही, पण तिला सांगायचा आकडा हलला.

दुसरं असं की तो अपुरा आहे. गट क्रमांक १४२ तुमच्या गावात आहे, माझ्याही गावात आहे. तो एकमेव असतो तो गावापुरता. आयडी मात्र सगळ्या दस्तऐवजात एकमेव हवा, आणि सगळ्या प्रकारच्या घटकांमध्ये मिळून हवा. खाते ३८ आणि फेरफार ३८ यांची एकाच फाइलमध्ये टक्कर होते. म्हणून आपण ‘ख-’, ‘फ-’, ‘ज-’ असं अक्षर पुढे लावतो.

अर्थ भरलेल्या ओळखीचं काय होतं याचा धडा देशाने बँकांच्या विलीनीकरणात घेतला. आयएफएससीची पहिली चार अक्षरं म्हणजे बँक, पाचवं शून्य, पुढची सहा शाखेची. वाचायला सोयीचं. मग १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. शाखा तिथेच, खातेदार तेच, पण पहिली चार अक्षरं आता खोटी झाली. १ जुलै २०२१ पासून सिंडिकेटचे जुने आयएफएससी बंद झाले. ज्यांनी ज्यांनी तो कोड कुठे लिहून दिला होता, पगाराच्या यादीत, भाडेकरूला, विमा कंपनीला, त्या प्रत्येक ठिकाणी जाऊन तो बदलून घेणं आलं. शाखेची ओळख बँकेच्या नावाशी बांधली नसती, तर बदल एकाच जागी झाला असता.

पॅनचंही बघा. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो. तो बदलत नाहीत हे उत्तमच, पण मग ते पाचवं अक्षर काही सांगत नाही. त्यावरून आडनाव पडताळणारा प्रोग्राम कुणी लिहिला असेल, तर तो कित्येक विवाहित बायकांना चुकीचं ठरवेल.

जिल्ह्यांची नावं तर विचारू नका. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ‘ठाणे-डहाणू-०४१’ अशी ओळख कुणी २०१३ मध्ये दिली असेल, तर तिला आज काय म्हणायचं? बदलली तर तिच्याकडे दाखवणारे सगळे संदर्भ तुटतात. नाही बदलली तर ती वाचणाऱ्याची दिशाभूल करते. म्हणून ‘ज-००४१’. तिच्यात काही अर्थ नाही, त्यामुळे खोटं ठरण्यासारखंही काही नाही.

श्रोत्यांमधून चिठ्ठी आली आहे : ‘मग पुढचं “ज-” हा अर्थ नाही का?’ आहे, बरोबर आहे. पण जमिनीची नोंद उद्या खातेदाराची नोंद होणार नाही. जे बदलणार नाही तेवढंच ओळखीत येऊ द्यावं, एवढी सूट मी देतो. एक पथ्य मात्र पाळा : ते अक्षर माणसाच्या डोळ्यासाठी आहे. प्रोग्रामने ते तोडून त्यावरून निर्णय घ्यायचे नाहीत. प्रकार हवा असेल तर घटकाच्या नावावरून घ्यायचा.

दुसरी चिठ्ठी : ‘यूयूआयडी वापरलं तर?’ वापरा, पण पुढे काहीतरी लावा. यूयूआयडी सोळा चिन्हांत लिहितात, त्यातले दहा अंक आणि सहा अक्षरं. सरसकट यादृच्छिक धरलं तर सोळात दहा वेळा ते अंकाने सुरू होणार आणि आयडी म्हणून नापास होणार. सहा वेळा पास. त्यामुळे चाचणीत नशिबाने चालतं आणि प्रत्यक्षात मधूनच अडतं, फार त्रासदायक प्रकार. लॉगिनसाठी जे सॅमल वापरतात, त्याच्या संदेशांतल्या ओळखी पुष्कळदा खालच्या रेघेने सुरू झालेल्या दिसतात, त्या याचसाठी.

आणि ‘व्यक्तीसाठी सरळ आधार क्रमांक का नको?’ अंकाने सुरू होतो ही अडचण किरकोळ. मोठी अडचण ही की ओळख एका जागी राहत नाही. प्रत्येक संदर्भात तिची प्रत पडते. एका माणसाच्या नावावर दहा नोंदी, तर दहा ठिकाणी त्याचा आधार क्रमांक, आणि ती फाइल ज्याच्या ज्याच्याकडे गेली त्याच्याकडेही. यूआयडीएआयची ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल मिळते, तिच्यात पूर्ण आधार क्रमांक नसतो. शेवटचे चार अंक आणि त्यापुढे फाइल बनवल्याची वेळ, असा संदर्भ क्रमांक असतो. त्यामागचा विचार आपण घ्यावा.

आता कुणी म्हणेल, गट क्रमांक गावापुरता एकमेव आहे हे तपासायचंय, ते आयडीने होणार नाही, मग कशाने? त्यासाठी मे २००१ मध्ये आलेल्या एक्सएमएल स्कीमात ‘की’ आणि ‘कीरेफ’ आहेत. यात तुम्ही सांगू शकता की प्रत्येक ‘गाव’ घटकाच्या आत ‘जमीन’ घटकांचा ‘गट-क्रमांक’ पुन्हा यायला नको. गावाबाहेर आला तर हरकत नाही. किंवा गाव आणि गट मिळून एक जोडचावी करता येते. किंमत अंकाने सुरू झालेली चालते, तिरपी रेघ चालते, कारण इथे नावाचे नियम लागू नाहीत. शिवाय मघाशी जी गोम सांगितली ती इथे बरीचशी सुटते : ‘खातेदार-संदर्भ’ फक्त खातेदारांच्या चावीशीच जुळला पाहिजे, असं बजावता येतं. मग गाव खातेदार होऊ शकत नाही. पण लिहून देणार आणि लिहून घेणार यांची अदलाबदल झाली, तर ‘कीरेफ’ही हात वर करतो. दोघंही व्यक्तीच.

नोंद रद्द झाली तर ओळखीचं काय करायचं? हेही सातबाऱ्याकडूनच शिका. हाताने लिहिलेल्या उताऱ्यावर जुनं नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करत. नाव वाचता येतं आणि ते आता लागू नाही हेही कळतं. आपल्या फाइलमध्ये ‘स्थिती="बंद"’ असा गुणधर्म लावा, नोंद ठेवा, आणि तिची ओळख पुन्हा दुसऱ्या कुणाला देऊ नका. रिकामी झालेली ‘ख-००१२’ नव्या खातेदाराला दिली, की जुन्या फाइलींमधले सगळे संदर्भ गुपचूप नव्या माणसाकडे वळतात. तुटलेला संदर्भ निदान तक्रार करतो, हा करत नाही.

शेवटी खास आपल्या लिपीबद्दल, कारण हे इंग्रजी पुस्तकांत मिळत नाही. देवनागरीत ओळखी देता येतात, आपण दिल्याही. पण एक्सएमएल दोन नावं जुळवतं ती दिसण्यावरून नाही, आतल्या युनिकोड संकेतांवरून. ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला तो अर्धा र तीन प्रकारांनी टंकला जाऊ शकतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. दोन, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’. पार्सरला तीन वेगळी गावं. ओळख एका कळफलकावर टंकली आणि संदर्भ दुसऱ्यावर, तर तपासणी म्हणते असं गाव नाही, आणि तुम्ही पडद्याकडे बघत बसता. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण चालवलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही. ‘ॲ’ची तीच तऱ्हा : एकसंध अक्षर वेगळं, ‘अ’वर चंद्र दिलेलं वेगळं, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही.

त्यात आणखी एक गंमत. २००८ च्या पाचव्या आवृत्तीत नावांचे नियम सैल झाले, आणि त्या सैलपणात देवनागरी अंक नावाच्या सुरुवातीला चालू लागले. म्हणजे ‘७’ने सुरू झालेली ओळख आपल्या लिपीत वैध, इंग्रजी अंकात अवैध. झेडडब्ल्यूजेही तेव्हाच नावात आत आला. पण चौथ्या आवृत्तीचे नियम पाळणारे पार्सर अजून वापरात आहेत, ते दोन्ही नाकारतात. तेव्हा कुठल्याच लिपीच्या अंकाने सुरुवात करू नका.

यावरचा माझा उपाय असा. टॅगची नावं खुशाल मराठीत ठेवा, ती मोजकी असतात आणि स्कीमात एकदाच ठरतात. ओळखींच्या किमतींत मात्र माणसांची, गावांची नावं आणू नका, साधी व्यंजनं आणि अंक एवढंच ठेवा. ‘कऱ्हाड’ हे नाव ‘नाव’ या गुणधर्मात राहू दे, गावासाठी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा संकेतांक असेल तर तो ‘संकेतांक’मध्ये राहू दे, आणि जोडणी ‘गा-०७’वरून होऊ दे.

पुढच्या वेळी संदर्भ एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये जातो तेव्हा काय होतं ते पाहू. आयडीरेफ तिथे पोचत नाही, त्याची हद्द दस्तऐवजाच्या शेवटच्या टॅगला संपते. चिठ्ठ्या उरल्या असतील तर बाहेर टेबलावर ठेवा, त्यांची उत्तरं पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेईन.